ग्रिमाल्दोचे कान आणि मी

मित्रांनो, मी गिटारचा एक जुना अँप्लिफायर आहे आणि मी बिघडलेलो नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुकाल्पा गावात माझ्याबद्दल कुणालाही विचाराल तर तो म्हणेल, "ती होय? ती मेलेली पेटी. लेओन्सिओच्या दुकानात पडलीय." पडलो आहे हे खरे. मेलेलो मात्र नाही. माझे सगळे व्हॉल्व्ह, म्हणजे आतले काचेचे दिवे, शाबूत आहेत, स्पीकरचा कागद कुठे फाटलेला नाही. गेली अकरा वर्षे मी मोडक्या पंख्यांच्या शेजारी, गोणपाटाखाली, मेल्याचे सोंग घेऊन बसलो आहे. असे का, ते मला कुणाला तरी सांगायचे आहे. मोठ्या माणसांना सांगण्याची सोय नाही. म्हणून तुम्हाला सांगतो.

विजेच्या गिटारला स्वतःचा आवाज जवळजवळ नसतो. नुसती छेडली तर डासाएवढी गुणगुणते. तिची वायर माझ्या अंगात खोचली की ती गुणगुण माझ्या व्हॉल्व्हमधून तापत तापत मोठी होते आणि स्पीकरमधून बाहेर पडते. माझे काम एवढेच.

माझा जन्म लिमा शहरातल्या एका बोळात झाला. सिनेमागृहांचे ध्वनियंत्र बनवणारे दोन भाऊ होते, त्यांनी मला बांधले. माझी पेटी रानातल्या सेद्रो लाकडाची, वर काळे रेक्झिन, पुढे खाकी जाळीचे कापड. मी बसलेल्या वासराएवढा होतो आणि मला उचलायला दोन माणसे लागत. इपोलितो नावाच्या म्हाताऱ्या दुकानदाराने मला काचेच्या आड ठेवले. दुकानात येणारा प्रत्येक गिटारवाला आधी माझ्याकडे पाही आणि विकत मात्र दुसरेच काहीतरी घेऊन जाई.

एक दिवस ग्रिमाल्दो तानांता आला. सव्वीस वर्षांचा, उंच, बोटांना तेलाचा वास. पुकाल्पाच्या आरागिरणीत तो करवतींना धार लावण्याचे काम करी आणि 'कंदील' नावाच्या नाचगाण्याच्या ताफ्यात पुढची, म्हणजे मुख्य सुरावटीची, गिटार वाजवी. सोबत बायको होती, सुल्मिरा. डोंगर ओलांडून ट्रकने तीन दिवसांचा प्रवास करून दोघे आले होते. होडीचे इंजिन विकून आले होते.

"वाजवणार कुठे?" इपोलितोने विचारले.

"घरी सराव. जत्रेत, लग्नात नाच. आणि देवाने मनात आणलं तर एखादी रेकॉर्ड."

"म्हणजे तीन कामं सांगतोस आणि पेटी एक मागतोस." म्हाताऱ्याने फळीवरून एक छोटी पेटी काढून पुढे ठेवली. "ही घे. घरात हिचा आवाज पुरून उरेल. रेकॉर्डिंगला तर हीच बरी. व्हॉल्व्ह तापल्याशिवाय गात नाहीत बघ. लहान पेटी पुरी तापली तरी खोली फुटत नाही. आणि नाचाच्या ठिकाणी हिच्यासमोर माईक ठेव, आवाज गायकाच्या कर्ण्यांतून जाऊ दे."

"कर्णे कुठले, काका? गायकाला एक भोंगा, तोही निम्मा वेळ खरखरतो. पाचशे माणसं नाचत असतात आणि मागं जनरेटर धडधडत असतो."

"मग तेवढ्या दिवसापुरती मोठी पेटी भाड्यानं घे."

"ऐक ना रे त्यांचं," सुल्मिरा म्हणाली. "आपल्या घराला फळ्यांच्या भिंती. हे धूड आत ठेवलं तर आपण काय अंगणात झोपायचं?"

ग्रिमाल्दो हसला. त्याने वायर माझ्यात खोचली, आवाजाचे बटण सहावर नेले आणि तारांवरून एकदा हात फिरवला. कपाटाच्या काचा थरथरल्या. रस्त्यावरची माणसे दारात गोळा झाली. त्या क्षणी मला वाटले, याच्यासाठीच आपण जन्मलो. त्यालाही तसेच वाटले असावे, कारण तो एवढेच म्हणाला, "हीच."

"नेतोस तर ने," इपोलितो म्हणाला. "पण ही पाचच्या खाली मुकी वाटेल, आणि पाचच्या वर तुझ्या घरात मावणार नाही. हिच्या तोंडासमोर बसून वाजवू नकोस."

ग्रिमाल्दोचे लक्ष नव्हते. तो गिटार जुळवत होता. सुल्मिराने मात्र ते शब्द ऐकले आणि मीही ऐकले.

पुकाल्पातले आमचे दिवस सुरुवातीला फार सुखाचे गेले. उकायाली नदीकाठच्या गावागावांत होडीतून मला नेत. चार जण खांद्यावर घेऊन चिखलातून चढवत. कंदीलवाल्यांनी पहिला ठेका धरला आणि ग्रिमाल्दोची गिटार माझ्यातून बाहेर पडली की पत्र्याखालची माणसे एका दमात उठून उभी राहत. सुल्मिराचा भाऊ एल्मेर दुसरी गिटार वाजवी. तो म्हणे, "दाजी, तुमच्या पेटीपुढं माझी पेटी म्हणजे बेडकापुढं किडा!" मला कौतुक आवडायचे. कुणाला आवडत नाही?

पण घरातली गोष्ट वेगळी होती. ग्रिमाल्दो तीन वाजता गिरणीतून येई. दिवसभर करवतीची किंचाळी कानांत भरून आलेला माणूस. जेवून तो माझ्यासमोर स्टूल घेऊन बसे, हातभर अंतरावर, अगदी तोंडासमोर. आधी बटण तीनवर ठेवी. तीनवर मी खरोखरच मुका, माझ्यात जीवच नसे. मग त्याचा हात आपोआप पाचवर जाई, सहावर जाई. फळ्या थरथरत. सुल्मिरा कानांत कापूस घालून चूल मागच्या अंगणात नेई. शेजारच्या एउदोसियाबाई कुंपणावरून ओरडत, "अहो मास्तर, तुमच्या गिटारीनं माझी कोंबडी अंडं घालायचं विसरली! आता ती माझ्या नाचाची वाट बघत बसते!"

"मग नाचा की, एउदोसियाबाई!" ग्रिमाल्दो आतून ओरडे. तेव्हा त्याला कुंपणापलीकडचे ऐकू येत असे.

चौथ्या वर्षी रेकॉर्डिंगचे बोलावणे आले. मला पुन्हा लिमाला नेले. खोली एवढीशी, भिंतींना अंडी ठेवतात तसले खळग्यांचे पुठ्ठे लावलेले. ग्रिमाल्दोने दोन सूर वाजवले आणि काचेमागचा माणूस हात हलवत बाहेर आला.

"थांबा, थांबा! सगळ्यांच्या माईकमध्ये तुमचीच गिटार येतेय. कमी करा."

कमी केले तर मी बेचव. पुन्हा वाढवले तर गायकाचा आवाज बुडाला. सकाळ त्यातच गेली. ग्रिमाल्दोच्या कपाळावर घाम आला. अर्ध्या दिवसापुरतीच खोली मिळाली होती. शेवटी एल्मेर आणि ढोलकवाल्याने मला उचलून जिन्याखालच्या अंधाऱ्या खोपट्यात ठेवले, वर दोन गाद्या टाकल्या आणि एक माईक माझ्या जाळीला चिकटवला. मी गादीखाली घुसमटत गायलो. पण रेकॉर्ड झाली. त्या वर्षी ती नदीवरच्या प्रत्येक होडीच्या रेडिओवर वाजली. इपोलितोची छोटी पेटी असती तर सकाळी दहा वाजताच काम झाले असते, हे तेव्हा कुणी बोलले नाही. मीही मनाशी कबूल केले नाही.

मग एका दुपारी ग्रिमाल्दो दारात उभा राहून म्हणाला, "यंदा झाडावरचे किडे ओरडत नाहीयेत, नाही का?"

सुल्मिरा भात पानात बांधत होती. तिचे हात थांबले. बाहेर आंब्याच्या झाडावर किडे असे किरकिरत होते की माझी जाळीसुद्धा त्या आवाजाने बारीक हलत होती.

"ओरडतायत की," ती म्हणाली.

"कुठं?"

तिने झाडाकडे बोट दाखवले. त्याने कान चोळले, डोके एका बाजूला झटकले, आणि येऊन माझे बारीक, उंच सुरांचे बटण सहावरून आठवर नेले.

मित्रांनो, त्या दिवसापासून माझ्या मागे दुर्दैव लागले. बारीक सूर त्याला ऐकू येईनासे झाले. तो मला दोष देऊ लागला. "पेटीचा आवाज बसलाय," म्हणाला. आठचे नऊ झाले, नऊचे दहा. ताफ्यातले लोक डोळे मिटून दात आवळत. "दाजी, कानात सुई घालताय का?" एल्मेर म्हणे. ग्रिमाल्दोला वाटे, पोरगा जळतो आपल्यावर.

शेवटी त्याने मला लेओन्सिओ वेलाकडे नेले. लेओन्सिओ बुटका, जाड भिंगांचा चष्मा लावणारा, रेडिओ दुरुस्त करणारा सरळ माणूस. त्याने मला उघडले, एकेक व्हॉल्व्ह तपासला, स्वतः गिटारच्या तारा छेडून पाहिल्या. मग बराच वेळ भिंगे पुसत राहिला.

"मास्तर, पेटी ठणठणीत आहे."

"असं कसं? निम्मा आवाज गेलाय तिचा!"

"पेटीचा नाही गेला."

ग्रिमाल्दोला कळले. त्याच्या चेहऱ्यावरून मला दिसले की त्याला कळले. पण तो गरजला, "काम येत नाही तर सरळ सांगा! लोकांना फसवायचे धंदे!" आणि मला हातगाडीवर घालून दुसऱ्या दुकानात घेऊन गेला. तिथल्या माणसाला काय, गिऱ्हाईक म्हणेल ते खरे. त्याने माझे चांगले भाग उपटून काढले, नवे बसवले, वायरी कापल्या, जोडल्या. धडधाकट असून मी कापला गेलो. घरी येऊन ग्रिमाल्दोने बटण दहावर फिरवले, वाजवले, आणि गिटार मांडीवर ठेवून नुसता बसून राहिला. काही फरक नव्हता. मला ओरडून सांगावेसे वाटत होते, अरे बाबा, थांब, माझ्यापासून लांब हो! पण मी ओरडू शकतो ते त्याच्याच बोटांनी. माझा प्रत्येक शब्द त्याला आणखी बहिरे करणारा.

सान हुआन या संताचा सण आला. यारिनाकोचा नावाच्या तळ्याच्या वाळूवर सगळे गाव लोटले होते. भर दुपारचे ऊन, चुलींचा धूर, पानातल्या भाताचा वास, तळ्यात डुंबणारी पोरे. लिमाचा रेकॉर्डवाला माणूस पुढच्या बाकावर येऊन बसला होता. त्याला कंदीलवाले आवडले तर वर्षाला चार रेकॉर्डी निघणार होत्या. सगळ्यांचा जीव टांगणीला लागला होता.

उन्हाने तारा सैल पडून सुरातून उतरल्या. गिटारवाल्याला हे ऐकू येते, तो हात चालवता चालवता खुंटी पिळतो. ग्रिमाल्दोला ऐकू आले नाही. पहिल्याच गाण्यात त्याची बारीक तार बेसूर झाली आणि तो मान डोलावत, डोळे मिटून, मनापासून वाजवत राहिला. एल्मेरने पायाने त्याच्या पायाला ढोसले. ग्रिमाल्दोला वाटले, आवाज कमी पडतोय. तो वळला आणि त्याने माझी सगळी बटणे दहावर नेली.

तो बेसूर मी सगळ्या तळ्यावर पसरवला. मीच पसरवला. नाचणारे थांबले. मासे विकणारी एक बाई ओरडली, "अहो कंदीलवाले, तेल संपलं काय?" हशा पिकला. तो हशाही त्याला ऐकू गेला नाही. त्याने लोकांची उघडी तोंडे पाहिली आणि त्याला वाटले लोक खूष आहेत. तो हसला. त्या हसण्याने माझ्या लाकडात कळ गेली.

गर्दीतून सुल्मिरा आली. साडेआठ वर्षे फळीच्या भिंतीमागून तिने प्रत्येक गाणे ऐकले होते. ती मंचावर चढली, त्याच्या हातांवर हात ठेवून तिने ते थांबवले, गळ्यात असलेल्या गिटारीच्या खुंट्या एकेक पिळून तारा जुळवल्या. मग माझ्याजवळ येऊन माझे बटण दहावरून चारवर आणले. ग्रिमाल्दोने तिच्याकडे पाहिले, एल्मेरकडे पाहिले, पुढच्या बाकावरच्या रेकॉर्डवाल्याच्या रिकाम्या जागेकडे पाहिले. त्याने गिटार काढून माझ्यावर ठेवली आणि वाळूवर पाठमोरा जाऊन बसला. कुणी त्याला हाक मारली नाही, कारण इतक्या अंतरावरून ती त्याला पोचणार नव्हती हे आता सगळ्यांना माहीत होते.

पुढची गिटार एल्मेरकडे गेली. त्याने ती रडतच घेतली.

सुल्मिरा ग्रिमाल्दोला लिमाच्या मोठ्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. तिथे काय झाले ते तिने परत आल्यावर एल्मेरला सांगितले, तेव्हा मी कोपऱ्यातच होतो.

"बाई म्हणाल्या, गेलं ते येणार नाही. राहिलंय ते जाड आवाजाचं. माणसाचं बोलणं, दाराची थाप, गाड्या. तेवढं जपलं तर मरेपर्यंत पुरेल. गिरणी सोडा, पेटी सोडा."

"आणि दाजी काय म्हणाले?"

"त्यानं एकच विचारलं. गिरणीनं केलं की पेटीनं? बाई म्हणाल्या, दोघांनी मिळून, कुणी किती ते सांगता येत नाही."

मित्रांनो, करवतीला मन असते की नाही मला माहीत नाही. मला आहे. त्या दिवसापासून मी हाच हिशेब मांडतो आहे, माझा वाटा किती?

ग्रिमाल्दोने गिरणी सोडली आणि लाकडाच्या वखारीवर राखणदारी धरली. मला मात्र तो सोडू शकला नाही. रोज तीन वाजता येई, दार लावून घेई, माझे बटण दहावर फिरवी आणि माझ्या अंगावर कपाळ टेकवून वाजवी. कधी पेटीची कड दातांत धरी. कानांनी मिळत नव्हते ते तो हाडांनी शोधत होता. त्याच्या दातांची थरथर माझ्या लाकडात उतरे. त्याचे कान स्पीकरपासून वीतभर लांब असत. उरलेसुरले मी रोज थोडे थोडे खात होतो.

मला बटणे होती, पण हात नव्हते. मी काय करू शकत होतो? गावात वीज गेली की लोक शिव्या देत आणि मी आनंदाने गार होई. माझे व्हॉल्व्ह फुटावेत, कुठूनतरी धूर निघावा, उंदरांनी वायरी कुरतडाव्यात, असे मी रोज मागत असे. पण त्या दोन भावांनी मला मजबूत बांधले होते. मी बिघडत नव्हतो.

एके दिवशी तो वाजवून थांबला, तेव्हा सुल्मिरा त्याच्या मागे उभी होती. ती नेहमीच्या आवाजात म्हणाली, "ग्रिमा." तो वळला नाही. ती जरा मोठ्याने म्हणाली. वळला नाही. तिने हातातली कढई जमिनीवर टाकली. तो तारा पुसत राहिला.

ती तशीच भिंतीला टेकून खाली बसली. त्याने वळून पाहिले तेव्हा म्हणाला, "अगं, तू कधी आलीस?"

दुसऱ्या दिवशी सकाळी तो वखारीवर गेल्यावर ती माझ्यामागे आली. लेओन्सिओने मला उघडले होते तेव्हा तिने पाहून ठेवले होते. तिने एक टोपण फिरवले आणि आतली काचेची कांडी बाहेर काढली, काडीएवढी. तो माझा फ्यूज. त्याच्यावाचून माझ्यात वीज येत नाही. तिने माझ्या रेक्झिनवरून हात फिरवला.

"तुझ्यावर माझा राग नाही," ती मला म्हणाली. "पण मला अजून पुष्कळ बोलायचंय त्याच्याशी."

तीन वाजता ग्रिमाल्दो आला. त्याने बटण दाबले. माझा लाल दिवा लागला नाही. त्याने वायर बदलली, प्लग बदलला, पोते कोसळावे तसा माझ्यासमोर बसला, मग एकदम माझ्यावर मुठी मारू लागला. "तू पण? तू पण?" असे म्हणत होता. मला वाटले होते की सुटका झाल्यावर बरे वाटेल. तसे झाले नाही.

त्याने हातगाडी आणून मला लेओन्सिओकडे ढकलत नेले. ज्याला त्याने फसव्या म्हटले होते, त्याच्याच दारात. सुल्मिरा मागोमाग आली. लेओन्सिओने काही न बोलता माझी पाठ उघडली, फ्यूजची रिकामी जागा पाहिली आणि चष्म्यावरून वर पाहिले.

ग्रिमाल्दो त्याच्या तोंडाकडे बघत उभा होता. त्याच्या पाठीमागून सुल्मिरा म्हणाली, स्पष्ट आणि मोठ्याने, "सांगू नका. पाया पडते तुमच्या. ही पेटी राहिली तर वर्षभरात त्याला माझा आवाजही ऐकू येणार नाही."

ती त्याच्यापासून दोन हातांच्या अंतरावर उभी होती. ग्रिमाल्दोला त्यातला एक शब्द कळला नाही.

लेओन्सिओने तीस वर्षांत गिऱ्हाईकाशी खोटे बोलल्याचे कुणी ऐकले नव्हते. फ्यूज त्याच्या खणात चार पडले होते. तो खण उघडून त्यांच्याकडे बघत राहिला. मग त्याने खण बंद केला. उगीच पेचकस घेऊन माझ्या आत हात घातला, इकडे ठोकले, तिकडे ठोकले. मग तो ग्रिमाल्दोच्या समोर गेला आणि ओठ नीट हलवत सावकाश म्हणाला,

"मास्तर, गेली. आतला ट्रान्सफॉर्मर जळला. असा आता मिळत नाही."

"नक्की?"

"नक्की."

या वेळी ग्रिमाल्दोने त्याच्यावर विश्वास ठेवला. खरे सांगितले तेव्हा फसव्या म्हणाला होता, खोटे सांगितले तेव्हा त्याचे दोन्ही हात हातात घेऊन म्हणाला, "त्या दिवशी मी तुम्हाला वाईट बोललो, माफ करा." लेओन्सिओचा चष्मा ओला झाला. ग्रिमाल्दोने माझ्यावर थोडा वेळ हात ठेवला. "हिचे भाग काढून विकू नका," म्हणाला. "अशीच राहू द्या." आणि रिकामी हातगाडी घेऊन गेला. सुल्मिरा मागे थांबली, लेओन्सिओला काही म्हणू पाहत होती. तो म्हणाला, "जा बाई. आता काही बोलू नका."

चार महिने ग्रिमाल्दोने गिटारला हात लावला नाही. वखारीवरून येई आणि भिंतीकडे तोंड करून पडे, असे सुल्मिरा दुकानात येऊन सांगे. ती रोज येई आणि रोज विचारी, "मी पाप केलं का हो?" लेओन्सिओ म्हणे, "मला काय विचारता? मी तुमच्याआधी नरकात जाणार." दोघांनाही हसू येत नसे. गोणपाटाखाली मलाही झोप नव्हती. खणातले चार फ्यूज माझ्यापासून दोन हातांवर होते. कितीदा वाटले, कुणीतरी एक घालावा. मला एकदा, फक्त एकदा, गाऊ द्यावे.

पाचव्या महिन्यात लेओन्सिओने एक छोटी पेटी बांधली. डब्याएवढी, एकाच लहान स्पीकरची. तिच्या बटणाच्या आत त्याने अशी खीळ बसवली की ते एका मर्यादेपुढे फिरूच नये. ती घेऊन तो स्वतः ग्रिमाल्दोच्या घरी गेला. परत येऊन त्याने आपल्या बायकोला सांगितले ते मी ऐकले. ग्रिमाल्दोने आधी पेटीकडे पाहिलेही नाही. मग विचारले, "ही जत्रेत काय कामाची?" लेओन्सिओने त्याला कागदावर चित्र काढून दाखवले, पेटी खाली एका बाजूला, तिच्यासमोर माईक, आणि आवाज लांबच्या कर्ण्यांतून. आता गावात कर्णे आले होते. "आणि तो मोठा आवाज तुमच्यासाठी नाहीच," लेओन्सिओ म्हणाला. "जाड तारांवर वाजवा. जे ऐकू येतं ते वाजवा."

ग्रिमाल्दो पुन्हा वाजवू लागला. पूर्वीसारखे नाही. बारीक तारा सुल्मिरा जुळवून देते. तो लग्नाघरी, छोट्या अंगणात, जाड सुरांवर एल्मेरला साथ करतो. लोक सांगतात की ते ऐकायला बरे वाटते. मी ऐकलेले नाही. माझे दुकान तिथून लांब आहे.

परवा तो वायर घ्यायला दुकानात आला होता. केस पांढरे झालेत. त्याने माझ्यावरचे गोणपाट जरा सरळ केले, दाराकडे निघाला आणि रस्ता ओलांडू लागला. तेवढ्यात वळणावरून ओंडक्यांनी लादलेला ट्रक उलटा, मागे मागे येऊ लागला. ड्रायव्हरला तो दिसत नव्हता. ट्रकचा जाड, घोगरा भोंगा वाजला.

ग्रिमाल्दो थबकला. त्याने मान वळवली आणि दोन पावले मागे सरला. ट्रक त्याच्या सदऱ्याला वारा घालून निघून गेला. त्याने ड्रायव्हरला एक सणसणीत शिवी हासडली आणि चालू लागला. लेओन्सिओ हातातला पेचकस तसाच धरून उभा होता. कितीतरी वेळ तो खाली बसला नाही.

मित्रांनो, माझे एवढेच मागणे आहे. पेटी घ्याल तर ती जिथे ठेवायची ती खोली डोळ्यांसमोर आणून घ्या. तिच्या समोर बसू नका, बाजूला बसा. वाजवून झाल्यावर कानांत शिटी वाजत राहिली तर ती मदतीची हाक समजा आणि दुसऱ्या दिवशी हात आखडता घ्या. आम्हा पेट्यांना थांबता येत नाही. थांबायचे ते तुम्हालाच.

आणि कधी पुकाल्पाला गेलात आणि ग्रिमाल्दो तानांता भेटला, तर त्याच्या समोर उभे राहून सावकाश बोला. तसे बोललात तर त्याला सगळे कळते. फक्त मी बिघडलेलो नाही, हे एक त्याला सांगू नका.